जिलेटिनवर छिद्रं पडत नाहीत, किंवा भलतीकडेच पडतात: इन्व्हाडोपोडियाच्या चाचणीतला नेहमीचा घोळ

इन्व्हाडोपोडिया म्हणजे आक्रमक कर्कपेशींच्या तळाची, खालचं मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं) कापणारी बारीक टोकं. ती पाहायला काचेवर चमकणाऱ्या जिलेटिनचा थर देऊन त्यावर पेशी ठेवतात; पेशीनं जिलेटिन कापलं की तिथे काळं छिद्र दिसतं.

पेशी रात्रभर ठेवल्या, फिक्स केल्या, फॅलॉइडिननं ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) रंगवलं, काच मायक्रोस्कोपखाली घेतली, आणि हिरवं जिलेटिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जसंच्या तसं. मागच्या वेळी याच पेशींनी, याच मीडियममध्ये, जिलेटिनची चाळण केली होती. किंवा नेमकं उलटं: पेशी नाहीत तिथंही काळे डाग, आणि इनहिबिटर (कापणं रोखणारा पदार्थ) घातलेल्या काचेवरही तितकेच डाग.

इन्व्हाडोपोडियावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर या दोन्ही वेळा येतात, आणि दोन्ही वेळा पहिला संशय पेशींवर जातो. पेशींची नवी व्हायल (गोठवलेली कुपी) काढली जाते, अँटिबॉडी बदलली जाते, सीरमची बॅच बदलली जाते, आणि दोन महिने निघून जातात. माझा आग्रह असा की आधी काच तपासा, पेशींचा नंबर नंतर. आणि काळा ठिपका दिसला की तो पुरावा समजू नका. तो संशय आहे, पुरावा त्याच्याभोवती जमवावा लागतो.

पेशी तिथं नेमकं काय करत असते

हे थोडक्यात सांगतो, कारण बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला त्याचाच उपयोग होतो. आक्रमक कर्कपेशीच्या तळाशी, बहुतेकदा केंद्रकाच्या आसपास, ॲक्टिननं भरलेली बारीक टोकं तयार होतात आणि खालच्या मॅट्रिक्समध्ये घुसतात. ग्रोथ फॅक्टर किंवा इंटिग्रिनकडून (मॅट्रिक्सला धरणारं पटलातलं प्रथिन) संकेत आला की सार्क कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) सक्रिय होतं आणि टीकेएस-५, कॉर्टॅक्टिन या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. कॉर्टॅक्टिन, एन-वास्प, कोफिलिन आणि आर्प २/३ एकत्र येऊन फांद्या फुटलेलं ॲक्टिन उभं करतात. टीकेएस-५ चा पीएक्स भाग पटलातल्या पीआय(३,४)पी२ या लिपिडला धरून हा सगळा जमाव एका जागी स्थिर ठेवतो. इथपर्यंत जे झालं ते फक्त पूर्वरूप. यातली बरीच पूर्वरूपं काही मिनिटांत विरून जातात. जी टिकतात त्यांच्याकडे पेशीच्या आतल्या पुटिकांमधून एमटी१-एमएमपी हे पटलाला जडलेलं प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) येतं, आणि मगच मॅट्रिक्स कापायला सुरुवात होते.

म्हणजे ॲक्टिनचा ठिपका आधी आणि छिद्र नंतर. ठिपके आहेत पण छिद्रं नाहीत, छिद्रं आहेत पण ठिपके नाहीत, आणि दोन्ही नाहीत, हे तीन वेगवेगळे आजार आहेत. मदत मागताना आपल्याला यातला कुठला झाला आहे हे आधी सांगितलं तर उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम होतं.

एक खुलासा करून पुढे जातो. मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या), ऑस्टिओक्लास्ट (हाड झिजवणाऱ्या पेशी) यांच्यात अशाच रचना असतात, त्यांना पोडोसोम म्हणतात. मध्ये ॲक्टिनचा गाभा आणि भोवती व्हिन्क्युलिन, टॅलिन या प्रथिनांचं कडं. पोडोसोम काही मिनिटंच जगतो. इन्व्हाडोपोडियम तासन् तास टिकू शकतं आणि जास्त खोल जातं. मॅक्रोफेज घेऊन कर्कपेशींसारखी खोल, ठळक छिद्रं शोधत बसलात तर निराशा ठरलेली. तिथे उथळ आणि पसरट नक्षी अपेक्षित धरा.

पेशींविना काच

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी हीच. कोटिंग केलेल्या तीन कव्हरस्लिप (पातळ काचा) घ्या. एक नुसत्या मीडियममध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. दुसरीही तशीच ठेवा, पण सकाळी तिला फिक्सिंगपासून माउंटिंगपर्यंतचे सगळे टप्पे द्या. तिसरीच्या एका कोपऱ्यात कोलाजनेज किंवा ट्रिप्सिनचा थेंब ठेवा आणि मग धुवा.

पहिली काच सकाळी फिकी किंवा चट्ट्यांची दिसली तर जिलेटिन नीट जोडलंच गेलेलं नाही. नुसतं जिलेटिन ३७ अंशांवर वितळतं. ते काचेवर टिकतं ते ग्लुटारल्डिहाइडच्या जोडणीमुळे. पहिली ठीक आणि दुसरी खराब असेल तर दोष धुण्यात किंवा माउंटिंगमध्ये आहे. तिसरीवर थेंबाखाली काळा भाग तयार झाला नाही तर तुमचं जिलेटिन गरजेपेक्षा जास्त घट्ट जोडलं गेलं आहे, किंवा जो उजेड दिसतो आहे तो जिलेटिनचा नाहीच, ग्लुटारल्डिहाइडची स्वतःची चमक आहे. या शेवटच्या शक्यतेकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ग्लुटारल्डिहाइड प्रथिनांशी जोडलं गेलं की हिरव्या आणि लाल दोन्ही चॅनेलमध्ये चमकतं. तुम्ही मॅट्रिक्स समजून भलताच उजेड मोजत असता, आणि पेशींनी कितीही कापलं तरी छिद्र फिकंच दिसतं.

कोटिंग कुठे बिघडतं

प्रचलित पद्धत साधारण अशी: कव्हरस्लिप २० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये धुऊन भरपूर पाण्यात खळबळणं, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पॉली-एल-लायसिन २० मिनिटं, ०.५ टक्के थंड ग्लुटारल्डिहाइड १५ मिनिटं, मग कोमट केलेलं फ्लुरोसंट जिलेटिन अंधारात १० मिनिटं, त्यानंतर सोडियम बोरोहायड्राइड ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर १५ मिनिटं, पीबीएस या बफरचे वॉश, ७० टक्के इथेनॉल, आणि पेशी टाकण्याआधी तासभर मीडियम. काही जण आधी जिलेटिन लावून मग ग्लुटारल्डिहाइड देतात. दोन्ही क्रम चालतात, पण एकाच प्रयोगात दोन्ही मिसळू नका, कारण थराची जाडी आणि कडकपणा बदलतो.

ॲसिडचा वॉश टाळला तर पॉली-लायसिन एकसारखं बसत नाही, आणि नंतर जिलेटिनचे पापुद्रे निघतात. ग्लुटारल्डिहाइड जुनं असेल तर त्यात साखळ्या तयार झालेल्या असतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या दर्जाची, नायट्रोजनखाली बंद केलेली लहान ॲम्प्युल घ्या आणि उघडली की त्याच वेळी वापरा. महिनोन् महिने फ्रिजमध्ये पडून असलेल्या बाटलीनं किती प्रयोग वाया घालवले असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

बोरोहायड्राइडच्या टप्प्यावर थोडं थांबतो, कारण घाई तिथेच होते. हे द्रावण आयत्या वेळी करायचं. पावडर पीबीएसमध्ये पडताच बुडबुडे येतात, आणि तेच ते ताजं असल्याची खूण. बुडबुडे नाहीत म्हणजे पावडर ओल धरून मेली आहे. मग उरलेले अल्डिहाइड गट तसेच राहतात, चमकही देतात आणि पेशींनाही बाधतात. पण हेच बुडबुडे कव्हरस्लिपखाली साचून तिला उचलतात. काच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) तिरकी होऊन तरंगते, तिचा एक भाग कोरडा पडतो, आणि तुम्ही ती चिमट्यानं खाली दाबता. कोटिंगवर उमटणाऱ्या लांबट ओरखड्यांचं हे मोठं कारण आहे. चिमट्याचं टोक फक्त काचेच्या कडेला लावा, प्लेट हळूच हलवून बुडबुडे सुटू द्या, आणि द्रव काढताना व्हॅक्यूम सक्शनऐवजी पिपेट वेलच्या भिंतीला टेकवून वापरा. ही कामं फ्यूम हुडमध्येच करा. ग्लुटारल्डिहाइड आणि नायट्रिक ॲसिड दोन्ही श्वासाला वाईट.

जोडणी अति झाली तर काय होतं? थर कडक होतो. इन्व्हाडोपोडियाला कडक मॅट्रिक्स एरवी मानवतं, कडकपणा वाढला की त्यांचं कामही वाढल्याचं वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं आहे. पण रासायनिक जोडण्या खूप झाल्या की प्रोटिएजला कापायला मोकळ्या जागाच कमी उरतात. म्हणून ग्लुटारल्डिहाइडचं प्रमाण आणि वेळ एकदा ठरवली की अर्धा मिनिटही इकडेतिकडे करू नका, आणि तुलना फक्त एकाच दिवशी कोटिंग केलेल्या काचांमध्ये करा.

रंगाबद्दल: एफआयटीसी हा हिरवा रंग जोडलेलं जिलेटिन सहज मिळतं, पण ते लवकर विझतं आणि आम्लधर्मी बफरमध्ये मंद होतं. माउंटिंग मीडियमचा पीएच खाली असेल तर सगळी काचच मलूल दिसेल. ओरेगॉन ग्रीन किंवा ॲलेक्सा रंग जास्त भरवशाचे. जिलेटिनच्या शेजारच्या चॅनेलमध्ये फॅलॉइडिन ठेवू नका. ॲक्टिनचा उजेड जिलेटिनच्या चॅनेलमध्ये सांडला तर तो नेमका छिद्राच्या जागीच पडतो आणि छिद्र बुजल्यासारखं दिसतं. शंका असेल तर एका काचेवर साधं, बिनरंगाचं जिलेटिन लावून त्यावर फक्त ॲक्टिन रंगवा आणि जिलेटिनच्या चॅनेलमध्ये काय दिसतं ते बघा.

हा काळा डाग खरा का?

डागाचा आकार बरंच सांगतो. चिमट्याचा ओरखडा सरळ आणि लांब. कोटिंगच्या वेळी अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा डाग गोल आणि कडा रेखीव. पापुद्रा निघाला असेल तर काळ्या भागाच्या एका बाजूला गुंडाळलेल्या जिलेटिनची झगझगीत कड दिसते, कारण माल गेलेला नसतो, नुसता सरकलेला असतो. खरी झीज झालेल्या जागी अशी कड नसते. मायक्रोमीटरभर किंवा त्याहून लहान ठिपक्यांचा पुंजका असतो, पेशीच्या मध्याखाली, आणि वेळ वाढवला की ठिपके एकमेकांत मिसळून मोठा अनियमित डाग होतो.

पेशी जिलेटिन ओढून फाडूही शकते. इंटिग्रिननं पकडलेला थर खाली नीट चिकटलेला नसेल तर ताणानं निघतो. इनहिबिटर कंट्रोल लागतो तो यासाठीच. जीएम६००१ हे अनेक एमएमपींना (मॅट्रिक्स कापणारी प्रोटिएजं) अडवणारं विस्तृत इनहिबिटर साधारण १० ते २५ मायक्रोमोलर ठेवतात, आणि सोबत तेवढ्याच डीएमएसओची (ज्यात ते विरघळवतात त्या द्रावकाची) काच. जीएम६००१ असताना डाग गेले तर ते प्रोटिएजचं काम होतं. डाग तसेच राहिले तर ती फाटाफूट आहे, मग चित्र कितीही सुंदर असो, ते मोजू नका.

पेशीखाली नसलेले पण आकारानं खरे वाटणारे पुंजके फेकून देऊ नका. पेशी सरकत गेलेली असते, छिद्र मागे राहतं. डाग हा गेल्या कित्येक तासांचा जमाखर्च असतो आणि ॲक्टिनचा ठिपका त्या क्षणाचा, म्हणून दोन्ही शंभर टक्के जुळणार नाहीत. पेशीच्या आत जिलेटिनच्या रंगाचे चमकदार कण दिसले तर तो कापलेला माल पेशीनं गिळलेला असतो. ते चांगलं लक्षण आहे.

ठिपके ओळखताना नुसत्या ॲक्टिनवर विसंबू नका. कॉर्टॅक्टिन पेशीच्या पुढच्या पसरट कडेत, म्हणजे लॅमेलिपोडियातही भरपूर असतं. ॲक्टिन आणि कॉर्टॅक्टिनच्या जोडीला टीकेएस-५ दिसलं की ठिपक्याला इन्व्हाडोपोडियम म्हणायला आधार मिळतो, आणि खाली छिद्र असलं की ते कामाला लागलेलं आहे असं म्हणता येतं. टीकेएस-५ च्या आखूड प्रकारात पीएक्स भाग नसतो. तेव्हा अँटिबॉडी किंवा एसआयआरएनए (ठरावीक प्रथिन घटवणारा लहान आरएनए) कुठल्या प्रकाराला लागू आहे हे आधी बघून घ्या. लांब प्रकार तसाच राहिला आणि तुम्ही एकूण प्रथिनाची घट मोजत बसलात, तर निकालाचा अर्थच लागणार नाही.

आणि फोकस! ही रचना पेशीच्या अगदी तळाशी असते. ॲक्टिनच्या तंतूंवर फोकस छान लागला म्हणून तिथेच फोटो काढला तर ठिपके नजरेतून सुटतात. आधी जिलेटिनच्या थरावर फोकस लावा आणि तिथून वर या.

आता पेशी

काच निर्दोष ठरल्यावर इकडे या. सोबत कायम एक खात्रीची पेशीरेषा ठेवा. एमडीए-एमबी-२३१ चांगली छिद्रं करते, बहुतेकदा चार ते सहा तासांत सुरुवात दिसते. एमसीएफ-७ मध्ये एमटी१-एमएमपी नसल्यात जमा असतं, म्हणून ती नकारात्मक बाजूला उपयोगी. तुमच्या पेशींनी छिद्रं केली नाहीत आणि त्याच बॅचच्या काचेवर एमडीए-एमबी-२३१ नं केली, तरच दोष तुमच्या पेशींकडे सरकतो.

सगळ्यात आधी ट्रिप्सिन बघा. पेशी उचलताना वापरलेलं ट्रिप्सिन सीरमनं नीट थांबवलं नाही तर ते जिलेटिन स्वतःच खातं आणि काच सगळीकडून फिकी पडते. ते पृष्ठभागावरची प्रथिनंही छाटतं, त्यामुळे पहिले काही तास पेशी सावरण्यातच जातात. सेंट्रिफ्यूज करून मीडियम बदला, किंवा ईडीटीएच्या द्रावणानं उचला.

सीरम दुधारी आहे. त्यातले ग्रोथ फॅक्टर सार्कला जागं करतात, पण त्यातच टिंप आणि अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनसारखे प्रोटिएज अडवणारे घटकही असतात. टिंप-२ ची गंमत अशी की थोडं असलं तर एमटी१-एमएमपीच्या मदतीनं एमएमपी-२ सक्रिय व्हायला ते लागतं, आणि जास्त झालं की तेच अडवतं. त्यामुळे सीरमची बॅच बदलली की चाचणी नव्यानं बसवावी लागते.

फ्लास्कमध्ये काठोकाठ भरलेल्या पेशी काढून लगेच काचेवर टाकू नका. ७०-८० टक्के भरलेल्या असतानाच घ्या. काचेवर त्या विरळ हव्यात, नाहीतर कुठलं छिद्र कुणाचं हेच कळत नाही. पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) खूप झाले असतील तर जुनी व्हायल काढा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी करून टाका, त्यावर वाद नको.

दोष काचेचा की पेशींचा, हे अजूनही ठरत नसेल तर मला सगळ्यात आवडणारी युक्ती सांगतो. पेशी काचेवर टाकतानाच जीएम६००१ घाला आणि रात्रभर राहू द्या. इनहिबिटर प्रोटिएजचं काम थांबवतो, ॲक्टिनची बांधणी थांबवत नाही. सकाळी एक काच फिक्स करा: ठिपके हवेत, छिद्रं नकोत. बाकीच्या काचा कोमट मीडियमनं नीट धुऊन इनहिबिटर काढून टाका आणि अर्ध्या तासानं, एका तासानं, दोन तासांनी, चार तासांनी एकेक फिक्स करा. सगळ्या पेशी एकाच रेषेवरून सुटतात आणि छिद्रं वेळेगणिक वाढताना दिसतात. रात्रभराच्या चाचणीत जो विस्कळीतपणा असतो तो इथे नसतो. सकाळच्या काचेवरच ठिपके नसतील तर बिघाड सार्क, टीकेएस-५, कॉर्टॅक्टिन यांच्या बाजूला आहे. ठिपके भरपूर, पण धुतल्यावरही छिद्रं नाहीत, तर एमटी१-एमएमपी तिथवर पोचत नाही किंवा काम करत नाही. आणि सकाळच्याच काचेवर छिद्रं असतील तर परत कोटिंगकडे जा.

मोजणी

इथे प्रामाणिक माणसाचीही फसगत होते. मायक्रोस्कोपखाली मोजायच्या जागा निवडताना जिलेटिनचा चॅनेल बंद ठेवा, केंद्रकाच्या चॅनेलवरून निवडा. छिद्रं बघत बघत जागा शोधली की आपला हात आपोआप छिद्रांकडेच जातो. थ्रेशोल्ड (काळं कशाला म्हणायचं ती मर्यादा) प्रत्येक फोटोला आपोआप लावू नका: सॉफ्टवेअरला अखंड थरातही काहीतरी काळं सापडतंच. एकाच दिवसाच्या, एकाच एक्सपोजरच्या सगळ्या फोटोंना एकच मर्यादा लावा, आणि ती पेशींविना काचेवरून ठरवा. झिजलेलं क्षेत्रफळ पेशींच्या क्षेत्रफळानं भागा, आणि छिद्रं करणाऱ्या पेशी शेकडा किती तेही वेगळं द्या. मोजक्या पेशींनी खूप कापणं आणि सगळ्यांनी थोडं थोडं कापणं यांची सरासरी सारखी येऊ शकते.

निकालाचा अर्थ लावतानाही जपून. जिलेटिन हे विघटित कोलाजन आहे, काचेवर चिकटवलेला पातळ थर. ऊतीतला तंतुमय कोलाजन किंवा लॅमिनिन आणि कोलाजन-४ चं तळपटल (ऊतींमधला पातळ पडदा) वेगळं वागतं. सी. एलिगन्स या कृमीची अँकर सेल तळपटल फोडून जाते. तिच्यातले एमएमपी जनुकीय बदल करून काढून टाकले तरी ती उशिरानं का होईना पलीकडे पोचते, ॲक्टिनचा जोर वाढवून, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. १९९० च्या दशकात मारिमास्टॅटसारखी विस्तृत एमएमपी इनहिबिटर औषधं रुग्णांमध्ये अपेक्षित परिणाम देऊ शकली नाहीत आणि सांधे-स्नायूंचं दुखणं मात्र देऊन गेली. तेव्हा एखाद्या औषधानं जिलेटिनवरची छिद्रं कमी झाली तर तेवढंच लिहा, ‘आक्रमण थांबलं’ असं लिहू नका.

तरीही काही नाही

काच उत्तम, खात्रीची पेशीरेषा छिद्रं करते, तुमच्या पेशींत ठिपके आहेत, पण झीज शून्य. मग पेशींवर १६ ते २४ तास सीरमविरहित मीडियम ठेवून ते गोळा करा आणि जिलेटिन झायमोग्राफी (जिलेटिन कापणारी एन्झाइमं जेलमध्ये पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा. सीरम असलेलं मीडियम चालणार नाही, सीरममधले एमएमपीही पट्टे देतात. एमएमपी-९ सुमारे ९२ किलोडाल्टनला आणि एमएमपी-२ चं निष्क्रिय रूप ७२ ला दिसतं. त्याखाली ६२-६४ च्या सुमारास सक्रिय एमएमपी-२ चा पट्टा आहे का ते बघा. तो नसेल तर एमटी१-एमएमपीचं वेस्टर्न ब्लॉट करा. प्रथिनच नसेल तर या पेशीरेषेकडून जिलेटिनवर छिद्रांची अपेक्षा सोडा, किंवा कमी पॅसेजची व्हायल काढून तीच तपासणी परत करा. प्रथिन भरपूर असेल आणि सक्रिय पट्टा नसेल, तर ते पृष्ठभागावर पोचतंय का हे बायोटिन लावून बघा, आणि पुटिकांच्या वाहतुकीकडे वळा.